मातीसची हिरवी रेघ: प्रतीक की बांधणी?

गेरू
फ्रेंच चित्रकार आंरी मातीसनं १९०५ मध्ये पत्नी अमेलीचं व्यक्तिचित्र केलं. कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे, जेमतेम ४०.५ बाय ३२.५ सेंमी. कपाळापासून नाकावरून हनुवटीपर्यंत उभी हिरवी रेघ. ‘हिरवा म्हणजे मत्सर, चेहरा दुभंगला म्हणजे मन दुभंगलं’ हे वाचन मला साफ चुकीचं वाटतं. रेघ उजेड-सावलीच्या सीमेवर आहे. एरवी तिथं तपकिरी छटा आली असती. कागदाच्या पट्टीनं रेघ झाकून बघा: नाक सपाट होतं, आणि पिवळसर डावा गाल नि गुलाबी उजवा गाल एका चेहऱ्याचे वाटेनासे होतात.

कुंचला
रेघ चेहऱ्याची बांधणी करते हे मान्य, पण भाव का नाकारायचा? निळे-काळे केस, भुवयांच्या जाड कमानी, मिटलेले ओठ. मुखवटाच. कातडीवर हिरवा दिसला की डोळ्याला आजारपण जाणवतं. मातीसला हे ठाऊक नव्हतं?

गेरू
परिणाम वेगळा, संकेत वेगळा. कथकलीतला हिरवा चेहरा म्हणजे ‘पच्चा’, उदात्त नायक. नट आणि प्रेक्षक दोघांनाही ते आधीच माहीत असतं. आपल्याकडे हिरवा चुडा सौभाग्याचा. या चित्रापाशी असा ठरलेला करार नाही. शिवाय उजवीकडची पार्श्वभूमीही हिरवीच आहे, थेट गुलाबी गालाला भिडलेली. डावीकडे वर जांभळट, खाली नारिंगी. रेघेला मत्सर म्हणायचं, तर मागच्या हिरव्या भिंतीला काय म्हणणार?

ओला कॅनव्हास
नक्कल करून बघणाऱ्यांसाठी: ओल्या गुलाबीवर हिरवा ओढू नका, राखाडी-तपकिरी चिखल होतो. आधी दोन्ही गाल लावा, मधली पट्टी कोरी ठेवा. व्हिरिडियनमध्ये (निळसर हिरवा रंग) किंचित कॅडमियम पिवळा पुरतो. पांढरा जास्त झाला की रंग खडूसारखा फिका पडतो. मग नकलेचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून तपासा. रेघ पिवळ्या गालापेक्षा गडद हवी. नाहीतर सावलीची कड न वाटता वरून चिकटवलेली फीत वाटते.

कुंचला
भिंतीचा मुद्दा बिनतोड आहे, मत्सर सोडला. चेहऱ्यावर करारी भाव आहे, हे म्हणणं मात्र सोडणार नाही. मूळ चित्राच्या रंगीत फोटोत रेघ तपकिरी करून बघा: नाक उभं राहतं, सावलीही बसते, पण नजरेतली जरब जाते. नुसती बांधणीच हवी होती, तर तपकिरीनं भागलं असतं.