१३ डिसेंबरची आदरांजली : फलकावर नावं कशी लिहायची?

खडूफळा : संसदेवरच्या २००१ च्या हल्ल्यात गेलेल्यांना शाळेत आदरांजली आहे. फलकाचा मथळा '९ शहीद पोलीस' ठरतोय. बरोबर आहे ना? आणि त्या दिवशी झेंडा अर्ध्यावर आणायचा का? फोटोंच्या टेबलावर तिरंगा अंथरला तर?

जुनी_नोंदवही : मथळ्यातच घोळ आहे. नऊ जण गेले, पण दिल्ली पोलिसांचे त्यात पाचच: सहायक उपनिरीक्षक नानक चंद आणि रामपाल, हेड कॉन्स्टेबल ओम प्रकाश, बिजेंदर सिंह आणि घनश्याम. या पाचांना कीर्ती चक्र. कॉन्स्टेबल कमलेश कुमारी सीआरपीएफच्या. जगदीश प्रसाद यादव आणि मातबर सिंह नेगी हे संसदेच्याच सुरक्षा विभागातले, त्याला तेव्हा 'वॉच अँड वॉर्ड' म्हणत. या तिघांना अशोक चक्र. नववे देशराज, बागेतले माळी. मथळ्यात 'पोलीस' घातलं की यादीतून हमखास तेच गळतात. म्हणून सरळ '१३ डिसेंबर २००१ : संसद भवनात प्राण गेलेले' असं लिहा.

पदक नावानंतर: 'कमलेश कुमारी, अशोक चक्र (मरणोत्तर)'. 'अशोक चक्र विजेत्या' नको, ती काय स्पर्धा होती? निवेदनात एक गोष्ट जरूर घ्या: त्यांच्याकडे शस्त्र नव्हतं, फक्त वॉकीटॉकी होता. ओरडून त्यांनी बाकीच्यांना सावध केलं.

सावधान_विश्राम : झेंडा अर्ध्यावर फक्त सरकारी आदेश असेल तेव्हाच. शाळेने स्वतःहून ठरवायचं नसतं. टेबलावर तिरंगा अंथरणं ध्वजसंहितेत बसत नाही, पांढरी चादर घाला.

मौन दोन मिनिटं. सुरुवातीला एक टोल, शेवटी एक, आणि घड्याळ एकाच्याच हातात. नाहीतर सव्वा मिनिटातच कुणीतरी 'बसा' म्हणतं. मौनापुरता माइक बंद ठेवा, घरघर फार खटकते. सलाम गणवेशातल्या एनसीसीच्या मुलांनीच करावा, बाकीच्यांनी सावधानमध्ये उभं राहायचं. मुलांच्या हातात काठ्या देऊन 'शोक शस्त्र' मात्र करवू नका. ती रायफलची कवायत आहे, नळीचं तोंड खाली आणि मान झुकलेली. काठीने तिचं सोंग होतं.

खडूफळा : मथळा बदलला, देशराज यांचं नाव घातलं. नावं कुठल्या क्रमाने?

जुनी_नोंदवही : पदकाप्रमाणे लावलीत तर देशराज शेवटी जातात. आडनावं सगळ्यांना नाहीत, तेव्हा पहिल्या नावाच्या अकारविल्हे लावा: ओम प्रकाश, कमलेश कुमारी, घनश्याम, जगदीश प्रसाद यादव, देशराज, नानक चंद, बिजेंदर सिंह, मातबर सिंह नेगी, रामपाल.