टॅक्सीइंगच्या वेळी प्रवासी विमान कितपत सुरक्षित असते?

मीनल:
टर्मिनल सोडल्यापासून धावपट्टीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत विमान बराच वेळ जमिनीवरच चालत असते, यालाच टॅक्सीइंग म्हणतात. तेव्हा त्याचा वेग रस्त्यावरच्या बसइतकाच वाटतो, तरीही कोणी उठून उभे राहिले की कर्मचारी लगेच खाली बसायला सांगतात. एवढ्या कमी वेगात नेमका धोका कशाचा असतो? आणि दाट धुक्यात, समोरचे काही दिसत नसताना, आपण नक्की कोठे आहोत हे वैमानिकाला कसे कळते?

सुहास:
वेगाबद्दलचे आपले निरीक्षण बरोबर आहे. सरळ टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या मार्गावर, बहुतेक प्रवासी विमाने साधारण 30 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 55 किलोमीटरच्या आत ठेवली जातात आणि काटकोनी वळणावर तो वेग 10 नॉटच्या आसपास आणला जातो. मात्र आपले विमान हळू चालत असले, तरी ज्या धावपट्टीला ते ओलांडणार असते तिच्यावरचे दुसरे विमान हळू नसते. त्यामुळे माझ्या मते खरा धोका वेगाचा नसून चुकीच्या जागी असण्याचा आहे. विमान वाहतुकीतील सर्वांत भीषण अपघात जमिनीवरच झाला, हे अनेकांना ठाऊक नसते. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील लॉस रोदेओस विमानतळावर पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीचे बोइंग 747 धुक्यात धावपट्टीवरूनच टॅक्सीइंग करत असताना केएलएम या डच कंपनीच्या 747 ने परवानगीविना उड्डाणाची धाव घेतली आणि 583 जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर रेडिओवरील भाषा मुद्दाम काटेकोर करण्यात आली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरला जातो, इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणतात.

अनुराधा:
धुक्याच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे दिव्यांत आहे. टॅक्सीवेच्या मध्यरेषेवर हिरवे आणि कडेने निळे दिवे असतात, तर धावपट्टीपूर्वी जिथे थांबायचे असते तिथे अनेक विमानतळांवर जमिनीत बसवलेल्या लाल दिव्यांची आडवी ओळ असते. तिला स्टॉप बार म्हणतात. ती लाल असताना ओलांडायची नाही, अगदी नियंत्रकाची तोंडी परवानगी मिळाली आहे असे वाटले तरीही. शिवाय ‘धावपट्टीबाहेर थांबा’ ही सूचना मिळाली की वैमानिकाने ती धावपट्टीच्या क्रमांकासह परत म्हणून दाखवायची असते आणि नियंत्रकाने ते नीट ऐकायचे असते. या वेळेत कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त बोलण्यास बंदी असते. अमेरिकेत 1981 पासून तसा नियम आहे आणि टॅक्सीइंगलाही तो लागू आहे.

मोठ्या विमानतळांवर जमिनीवरील हालचाल दाखवणारे रडारही असते. ते नसण्याची किंमत 8 ऑक्टोबर 2001 रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर मोजावी लागली. धुक्यात एक छोटे सेसना विमान चुकीच्या टॅक्सीवेवर वळून धावपट्टीवर आले आणि उड्डाण घेणाऱ्या एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीच्या विमानाची त्याला धडक बसली. 118 जणांचा जीव गेला. जुने ग्राउंड रडार बंद होते आणि नवे अजून सुरू झालेले नव्हते. जमिनीवरील फलक व खुणाही सदोष होत्या, आणि मला वाटते, ही बाब रडारइतकीच गंभीर आहे.

मीनल:
दोघांचेही आभार. मग रडार आणि इशारा देणारी यंत्रणा असेल, तर असा अपघात आता होणार नाही, असे म्हणता येईल का?

सुहास:
तसे म्हणता येणार नाही. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी तटरक्षक दलाचे विमान परवानगी नसताना धावपट्टीवर जाऊन सुमारे 40 सेकंद उभे होते. नियंत्रकासमोरच्या पडद्यावर इशारा उमटला, पण तो लक्षात आला नाही, आणि उतरणारे जपान एअरलाइन्सचे ए350 त्यावर आदळले. तटरक्षक विमानातील सहापैकी पाच जण दगावले. ए350 मधील सर्व 379 जण मात्र बाहेर पडले, तेही आठपैकी फक्त तीन दरवाजांतून. प्रवाशांनी सूचना पाळून सामान मागे ठेवले नसते, तर हे अशक्य होते, असे मी ठामपणे म्हणेन.

अनुराधा:
आणखी एक बाब राहिली. मोठ्या विमानाच्या कॉकपिटमधून स्वतःच्या पंखांची टोके दिसत नाहीत. ए380 या महाकाय प्रवासी विमानाच्या पंखांचा विस्तार जवळपास 80 मीटर आहे. एप्रिल 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर अशाच एका ए380 चे पंख थांबलेल्या छोट्या जेटच्या शेपटीला लागले आणि ते जेट जागच्या जागी फिरले. सुदैवाने कोणीही दगावले नाही. पण त्या क्षणी छोट्या विमानात कोणी मधल्या वाटेत उभे असते, तर ते आसनांवर फेकले गेले असते. अचानक जोरात ब्रेक लावावा लागला तरी हेच घडते. कर्मचारी आपल्याला खाली बसायला सांगतात, ते यासाठी.