मदत हवी आहे: क्वीन्सलँडचा किनारा, ब्रिस्बेन ते केप ट्रिब्युलेशन, सॅक पाठीवर टाकून. जुलै की नोव्हेंबर?

नमस्कार मंडळी,

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या किंवा तिकडे फिरून आलेल्या कुणाकडून तरी नीट सल्ला हवाय म्हणून हा धागा काढतेय. थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी मूळची देवगडची, नोकरी पुण्यात. माझी मावसबहीण ब्रिस्बेनला मास्टर्स करतेय आणि आम्ही दोघींनी ठरवलंय की तीन आठवडे काढायचे आणि ब्रिस्बेनपासून वर वर जात केप ट्रिब्युलेशनपर्यंतचा किनारा करायचा, हॉटेलं नाहीत, हॉस्टेल, बस आणि पाठीवर सॅक. तीन गोष्टी करायच्याच आहेत, बाकीचं सुटलं तरी चालेल. एक म्हणजे व्हिटसंडे बेटांमध्ये खरीखुरी शिडाची बोट, रात्री बोटीवरच मुक्काम. दुसरं ग्रेट बॅरियर रीफवर डायव्हिंग, नुसतं काचेच्या तळाच्या बोटीतून बघणं नाही. आणि तिसरं डेंट्रीचं जंगल, जिथे जंगल थेट किनाऱ्यापर्यंत उतरतं आणि समोर रीफ. जागतिक वारसा यादीतल्या दोन जागा तिथे एकमेकींना लागून आहेत, रीफ १९८१ पासून आणि ते ओलं जंगल १९८८ पासून, आणि हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून ते जातच नाहीये.

आता अडचण तारखांची आहे. बहिणीला मोठी सुट्टी दोनदाच मिळते, जूनअखेर ते जुलै आणि मग नोव्हेंबरच्या मध्यानंतर. मला सप्टेंबर सगळ्यात आवडला असता पण तेव्हा तिचे लेक्चर्स चालू असतात आणि मला एकटीने जायचं नाहीये, यात भीतीचा भाग नाही, हा प्रवास आम्ही लहानपणापासून दोघींचा म्हणूनच बोलत आलोय. नोव्हेंबरचं म्हणाल तर तेव्हा जेलीफिशचा सीझन सुरू होतो, बॉक्स जेलीफिश आणि तो नखाएवढा इरुकांजी, आणि चक्रीवादळांचे महिनेही तेच. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर आलं तेव्हा केर्न्सला पूर आला आणि डेंट्रीकडचा रस्ता दरडींनी किती दिवस बंद होता ते मी वाचलंय. जुलैत हे काही नाही, पण बहिणीच्या सीनिअर म्हणतात की जुलैत वारा इतका असतो की बोटीवर नुसत्या उलट्या करत बसाल, आणि पाणी गार. कुणाचं ऐकायचं?

दुसरा प्रश्न डायव्हिंगचा. मी तारकर्लीला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ एकदा इंट्रो डाईव्ह केलीय, इन्स्ट्रक्टरने धरून नेतात ती. पोहता मला चांगलं येतं, नदीत शिकलेय. बहीण पूलमध्ये पोहते, पण लहानपणी तिला दमा होता, आता कितीतरी वर्षांत पंप घेतलेला नाही. तिला डायव्हिंग करू देतील का? केर्न्सला जाऊन ओपन वॉटर कोर्स (डायव्हिंगचं पहिलं सर्टिफिकेट देणारा) करावा की इकडूनच करून जावं? कोर्समध्ये चार-पाच दिवस जातात म्हणे आणि आमच्याकडे दिवसच मोजके आहेत.

तिसरं, रीफ आता बघण्यासारखं उरलंय का हेही कुणीतरी प्रामाणिकपणे सांगा. २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ असं एकामागून एक ब्लीचिंग (पाणी तापून प्रवाळ पांढरं पडणं) झालंय आणि ऑफिसमध्ये जो तो म्हणतो की पांढरा सांगाडा बघायला एवढे पैसे घालवू नकोस. मला पैशाचं तेवढं नाही, पण जे मरतंय तिथे आपण गर्दी करायला जाणं बरोबर आहे का हाही प्रश्न मला खरंच पडलाय.

चौथं छोटंसं. मी शाकाहारी आहे, बहीण मासे खाते. दोन रात्री बोटीवर माझं काय होईल?

सध्याचा कच्चा प्लॅन असा: ब्रिस्बेन, मग के'गारी (आधीचं फ्रेझर आयलंड), मग एअर्ली बीच आणि बोट, मग मॅग्नेटिक आयलंड, केर्न्स, डायव्हिंग, कुरांडाची डोंगरातली ट्रेन, डेंट्री, केर्न्सहून विमानाने परत. यात काय उडवू, काय पुढेमागे करू ते सांगा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद, टाउन्सविलकर:

ताई, जुलै. डोळे मिटून जुलै. मी इथे बरीच वर्षं राहतोय आणि पाहुणे आले की हेच सांगतो. नोव्हेंबर ते मे इथल्या किनाऱ्यावर पोहायचं म्हणजे एकतर जाळी लावलेल्या चौकोनात नाहीतर अंगभर स्टिंगर सूट घालून, आणि इरुकांजी एवढा बारीक की जाळीतूनही आत येतो. किनाऱ्यावर डंखावर ओतायच्या व्हिनेगरच्या बाटल्या उगाच ठेवलेल्या नसतात. शिवाय डिसेंबरची ती दमट उकाड्याची हवा सॅक घेऊन फिरायला अगदी वाईट. जुलैत केर्न्सला दिवसा पंचवीस-सव्वीस डिग्री, रात्री हलकं जॅकेट, आकाश बहुतेक वेळा स्वच्छ.

वारा असतो हे खरं आहे. आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात, जून ते ऑगस्ट २० ते २५ नॉट कधीकधी सलग आठवडाभर. पण तुम्हाला शिडाची बोट हवीय ना, मग वारा नसेल तर ती बोट इंजिनावर चालते, त्याला काय अर्थ? व्हिटसंडेत ७४ बेटं आहेत, स्किपर कुठल्या ना कुठल्या बेटाच्या आडोशाला रात्री नांगर टाकतो, आतलं पाणी बाहेरच्या समुद्राइतकं खवळत नाही. त्रास होतो तो केर्न्सहून बाहेरच्या रीफवर जाताना, दीड-दोन तासांचा उघडा पट्टा आहे तिथे. गोळी आदल्या रात्री आणि सकाळी निघायच्या आधी घ्यायची, उलटी व्हायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो, आणि डायव्हिंग असेल तर कुठली गोळी चालते ते डॉक्टरला आधी विचारा, काहींनी झोप येते. बोटीत मागच्या बाजूला उघड्यावर बसा, नजर क्षितिजावर.

बोट निवडताना एक बघा, एअर्लीत तीन प्रकार आहेत, जुन्या रेसिंगच्या यॉट, आरामशीर कॅटामरान, आणि विशी-बाविशीतल्या पोरांच्या दारूपार्टीच्या बोटी. फोटोत तिन्ही सारख्याच सुंदर दिसतात. बुक करताना सरळ विचारा की माणसं किती आणि शिड ओढायला पाहुण्यांना देता का. रेसिंग यॉटवर बिछाने म्हणजे अरुंद फळ्या, पण बोट एका अंगावर कलून पळायला लागते तेव्हाची मजा दुसऱ्या कशात नाही. चाकांची बॅग बोटीवर घेत नाहीत, मऊ छोटी पिशवी न्यायची, मोठी सॅक हॉस्टेलला ठेवतात. व्हाइटहेवन किनाऱ्याच्या ७ किलोमीटर वाळूवर दुपारी सगळ्या बोटी एकदम येतात, आणि हिल इनलेटला वरून जे निळ्या-पांढऱ्या रंगाचं फिरत राहणारं चित्र दिसतं ते ओहोटीला छान दिसतं, तेव्हा भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या, देवगडच्या माणसाला हे मी काय सांगणार.

के'गारी उडवा. जागा फार सुंदर आहे, वाळूवर उभं राहिलेलं जंगल आहे, पण तीन-चार दिवस सहज खातं आणि बहीण ब्रिस्बेनलाच असते, ती कधीही लाँग वीकेंडला मैत्रिणींबरोबर जाऊ शकते. तुम्ही ब्रिस्बेनहून रात्रीची बस किंवा ट्रेन पकडून सरळ वर या. ट्रेन केर्न्सपर्यंत साधारण २४ तास घेते, तुम्ही प्रोसरपाइनला उतरा, तिथून एअर्लीला बस आहे. आणि हॉस्टेलं आत्ताच बुक करा, जुलैच्या सुरुवातीला शाळांना सुट्ट्या असतात, सगळं दक्षिण ऑस्ट्रेलिया थंडीला कंटाळून इकडे येतं.

प्रतिसाद, निळाई:

मी तारकर्लीलाच शिकले आणि नंतर एक सीझन केर्न्सला डाईव्ह बोटीवर काम केलं, तेव्हा डायव्हिंगचं मी सांगते.

ओपन वॉटर इकडेच करून जा. पुण्यात थिअरी ऑनलाइन आणि पूलचा भाग करता येतो, आणि समुद्रातल्या चार डाईव्ह मालवणला करून पूर्ण सर्टिफिकेट घ्या, नाहीतर रेफरल (अर्धा कोर्स झाल्याचं पत्र) घेऊन त्या चार डाईव्ह रीफवर करा. माझं मत विचाराल तर मालवणला पूर्ण करा. तिथे पाणी गढूळ असतं, कधी पाचसहा मीटरच्या पुढचं दिसत नाही, त्यात जो तरंगायला शिकला त्याला रीफवर फार सोपं जातं आणि मग रीफवरचा सगळा वेळ बघण्यात जातो, मास्क काढून घालण्याच्या परीक्षेत नाही. २०० मीटर पोहायचं आणि दहा मिनिटं तरंगायचं एवढी अट असते, तुम्हा दोघींना जमेल.

दम्याचं मात्र लपवू नका. ताई, हे मी हात जोडून सांगते. क्वीन्सलँडमध्ये प्रत्येक बोटीवर आरोग्याचा फॉर्म भरून घेतात, स्नॉर्केलिंगसाठीसुद्धा, आणि दम्याला होय म्हटलं की डॉक्टरचं पत्र लागतं. बोटीवर पोचल्यावर हे कळलं तर पैसे गेले आणि दिवसही गेला. बहिणीने आत्ताच ब्रिस्बेनमध्ये डायव्हिंग मेडिकल करणाऱ्या डॉक्टरकडे जाऊन फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी. पंप बंद होऊन वर्षं झालेल्या बऱ्याच जणांना परवानगी मिळते. नाही मिळाली तर नाही, वर येताना हवा फुप्फुसात अडकली तर जिवावर बेततं, त्यात तडजोड नको. तिने स्नॉर्केलिंग केलं तरी बाहेरच्या रीफवर प्रवाळ इतकं वर असतं की तिचं फार काही चुकणार नाही.

तुमच्या प्लॅनमध्ये एक गोष्ट बदलायलाच हवी. डायव्हिंगनंतर लगेच कुरांडाची ट्रेन नको. शेवटच्या डाईव्हनंतर विमानात बसायला निदान १८ तास थांबायचं हे सगळ्यांना माहीत असतं, कारण खोल पाण्यात अंगात मुरलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाला की त्रास देतो, पण डोंगर चढणं हेही तेच आहे, कुरांडा ३०० मीटरच्या वर आहे आणि अॅथर्टनचं पठार ७०० च्या वर. डायव्हिंगनंतर डेंट्रीला जा, तो रस्ता बहुतेक समुद्राच्या काठाने आहे, अंगातला नायट्रोजन तिथे आरामात निघून जाईल. कुरांडा करायचंच असेल तर डाईव्हच्या आधी.

रीफ उरलंय का? उरलंय, पण सगळीकडे सारखं नाही. २३०० किलोमीटर लांब आहे ते, एक भाग होरपळलेला आणि बोटीने तासाभरावरचा दुसरा भाग जिवंत, असं असतं. मी ज्या ठिकाणी फांद्यांचं प्रवाळ पाहिलं होतं तिथे नंतर नुसता चुरा पाहिला आणि पाण्याखाली मास्कमध्ये रडले आहे. आणि त्याच सीझनमध्ये नॉर्मन आणि सॅक्सन रीफवर अशी सकाळ मिळाली की कासव, पोपटमासे, महाकाय शिंपला सगळं एका डाईव्हमध्ये. जावं, असंच मी म्हणेन. तुमच्या तिकिटातला एक भाग मरीन पार्कच्या देखरेखीला जातो, आणि ज्याने ते डोळ्यांनी बघितलंय तो माणूस परत आल्यावर गप्प बसत नाही. फक्त फिन्सचा फटका प्रवाळाला लागू देऊ नका, आणि सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा सूट घाला, जुलैत पाणी २३ डिग्रीच्या आसपास असतं तेव्हा तसाही लागेल.

योंगालाचं नाव कुणी सुचवेल. १९११ च्या वादळात १२२ माणसांसकट बुडालेलं जहाज आहे ते, डाईव्ह अप्रतिम, पण करंट जोरात आणि खोल. पहिल्या वर्षी नको.

प्रतिसाद, रानवाटा:

डेंट्रीचं थोडं. केर्न्सहून केप ट्रिब १४० किलोमीटर, पण तीन तास धरा, मध्ये नदीवर तारेने ओढली जाणारी फेरी आहे. केप ट्रिबपर्यंत साधी गाडी जाते, पुढच्या ब्लूमफील्ड ट्रॅकला फोर व्हील ड्राइव्हच लागते. आपलं इंग्रजीत छापलेलं लायसन्स पर्यटकाला चालतं, गाडी डावीकडूनच, फक्त संध्याकाळ झाल्यावर चालवू नका, कॅसोवरी (शहामृगासारखा मोठा पक्षी) आणि वॉलबी (छोटा कांगारू) रस्त्यावर येतात. फेरीच्या पलीकडे वीज सोलर नाहीतर जनरेटरची, मोबाईलची रेंज जवळजवळ नाही, तेव्हा आईला आधीच सांगून ठेवा.

तिथे दोन रात्री राहा, एका दिवसाची टूर घेऊ नका. टूरवाले दुपारी निघून गेले की जंगल आपलं होतं. समुद्रात किंवा ओढ्याच्या मुखाशी उतरायचं नाही, खाऱ्या पाण्यातल्या मगरी बारा महिने असतात आणि पाट्या उगाच लावलेल्या नाहीत. हृदयाच्या आकाराचं मोठं लवदार पान दिसलं तर हात लावायचा नाही, जिंपी-जिंपी म्हणतात त्याला, आपली खाजकुयली त्यापुढे काहीच नाही, दुखणं महिनोन्‌महिने राहतं. मॉसमन गॉर्जला, म्हणजे तिथल्या नदीच्या घळीत, कुकु यलांजी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांबरोबरची पायी फेरी नक्की करा. २०२१ मध्ये डेंट्रीची मालकी सरकारने त्यांना परत दिली, आणि झाडांबद्दल ते जे सांगतात ते दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

जेवणाची काळजी सोडा, बुकिंग करताना शाकाहारी असं लिहा आणि आदल्या दिवशी फोन करून आठवण करा. भारतातून खाऊ नेलात तर विमानतळावरच्या फॉर्मवर सगळं डिक्लेअर करा, चिवड्याचं पाकीटसुद्धा. डिक्लेअर केलेलं बघून बहुतेक परत देतात, लपवलेलं सापडलं तर मोठा दंड.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. बहिणीला धागा पाठवला, तिने डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. तर जुलै ठरलं. के'गारी बाद. ब्रिस्बेनहून ट्रेनने प्रोसरपाइन, एअर्लीहून शिडाची बोट, मॅग्नेटिक आयलंडला दोन रात्री, केर्न्सला पोचल्यावर आधी कुरांडा, मग डायव्हिंग, मग डेंट्री आणि शेवटी विमान.

निळाई, एकच विचारायचं राहिलं, मालवणला कोर्ससाठी कुठला महिना धरू? मला मार्चअखेर ऑफिसमधून निघणं कठीण आहे.

प्रतिसाद, निळाई:

मग फेब्रुवारी धर. पाणी तेव्हा मार्च-एप्रिलपेक्षा बहुतेक जास्त स्वच्छ असतं. मेपर्यंत ढकलू नकोस, सुट्ट्यांची गर्दी असते आणि महिनाअखेर पावसासाठी सगळं बंद होतं. इन्शुरन्स घेताना त्यात १८ मीटरपर्यंतचं डायव्हिंग कव्हर आहे का ते वाचून घे, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा नसतं.