स्टेरॉइडची इंजेक्शने आणि वाढलेला रक्तदाब

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे)
माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे. गेल्या वर्षी नोकरीच्या तपासणीत त्याचा रक्तदाब 118/76 होता. या महिन्यात तीनदा मोजला तेव्हा तो 156/98 च्या आसपास आला. परवा त्याच्या कपाटात, बुटांच्या खोक्यात, पिवळसर तेलकट औषधाच्या कुप्या सापडल्या आणि त्यांवर टेस्टोस्टेरॉन व नँड्रोलोन ही, स्नायू वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडांची नावे होती. तो सगळा दोष सेव उसळीतल्या मिठाला देतो, मला ते पटत नाही. या इंजेक्शनांनी रक्तदाब खरोखर वाढतो का?

उत्तर 1
वाढतो, ताई. या औषधांमुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते, तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते, रक्तवाहिन्या ताठर होतात आणि सततच्या दाबाने हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होऊ लागते. मीठ त्यात भर घालते, पण वर्षभरातला एवढा फरक एकट्या मिठाने पडला असेल असे मला वाटत नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वजन उचलणाऱ्या 140 पुरुषांची तपासणी झाली, तेव्हा स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता सरासरी 52 टक्के, तर न घेणाऱ्यांची 63 टक्के आढळली. मात्र एक खात्री आधी करून घ्या: दंड जाड असेल आणि यंत्राचा पट्टा लहान असेल, तर आकडा खोटाच चढा दिसतो. मोठा पट्टा लावून, पाच मिनिटे शांत बसल्यावर पुन्हा मोजा.

उत्तर 2
मी दोन वर्षे हीच चूक केली. रक्तदाबाची गोळी सुरू केली, पण इंजेक्शने चालूच ठेवली आणि डॉक्टरांना त्यांविषयी एक शब्द सांगितला नाही. शेवटी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, 56 टक्क्यांवर गेले तेव्हा भीती वाटली. इंजेक्शने बंद केल्यावर शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन परत येईपर्यंत कित्येक महिने मन उदास असे, उठवत नसे. म्हणून हे हार्मोनतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावे. हिमॅटोक्रिट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), कोलेस्टेरॉल आणि हृदयाचा इको (सोनोग्राफी), एवढ्या तपासण्या त्याच्या करून घ्याच. माझा दाब उतरला, तरी एक गोळी आजही चालू आहे.

प्रश्नकर्ती
दोघांचीही आभारी आहे. काल मोठ्या पट्ट्याने मोजले, 148/94 आले. रात्री त्याला तुमची उत्तरे वाचून दाखवली. बराच वेळ तो गप्प बसला, मग उठून पलंगाखालचे दुसरे खोके त्याने स्वतःच काढून दिले. गुरुवारी आम्ही दोघे डॉक्टरांकडे जात आहोत.