'अंग बाहेर येणे' म्हणजे नक्की काय? गुदभ्रंशाला रुग्णाच्या मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठची
एका सर्जनसाठी रुग्णांना द्यायचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. विषय रेक्टल प्रोलॅप्स. सदऱ्याची बाही उलटी होऊन बाहेर येते, तसा गुदाशय गुदद्वारातून बाहेर येणं. मथळा मी 'अंग बाहेर येणे' असा दिला होता, कारण आमच्या सिन्नरच्या घरात हाच शब्द. डॉक्टरांनी तो खोडला. म्हणाले, अंग म्हणजे गर्भपिशवी, तुम्ही 'गुदभ्रंश' लिहा. तो शब्द वाचून आमच्याकडची कुठली बाई म्हणेल की हे माझंच दुखणं आहे?

मला हे लागतं, त्याला कारण आहे. माझी मावशी ६७ वर्षांची. ती दीड वर्ष मान खाली घालून सांगत होती, अंग बाहेर येतं. एका दवाखान्यात गर्भपिशवी सैल झाली म्हणून व्यायाम दिले, दुसरीकडे न तपासता मूळव्याधीचं मलम. तिला उकिडवं बसवून, कुंथायला सांगून कुणी पाहिलंच नाही. तोवर साडीला चिकट पाणी लागायचं, कधी कळायच्या आत संडास होऊन जायची. तिने लग्नाकार्याला जाणं सोडलं. एका शब्दापायी दीड वर्ष गेलं. जाणकारांनी सांगावं.

निफाडकर
ताई, तुमचाच शब्द बरोबर आहे. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांचा असताना त्याला डांग्या खोकला झाला. उबळ आली की खालून लालभडक गोळा बाहेर. आजी जुन्या धोतराची मऊ चिंधी तिळाच्या तेलात भिजवून अलगद आत सारायची आणि म्हणायची, "पोराचं आंग आलंय." मुलगाच तो, त्याला कुठली गर्भपिशवी? खोकला गेला तसं आंगही यायचं थांबलं.

सातपूर_कॉलनी
आमच्याकडे (मूळ कळवण) आंग फक्त बायकांचं. पुरुषाला कधी म्हटलेलं ऐकलं नाही. पुरुषाला 'बसायच्या जागेचा त्रास'.

सर्जन_कॉलेजरोड
अंग दोन्हीला म्हणतात हे खरं, आणि म्हणूनच तो शब्द मथळ्याला धोक्याचा. काही बायकांमध्ये तर दोन्ही एकदम असतं, कारण खालचा आधारच सैल झालेला असतो. बाळंतपणं, वय, वर्षानुवर्षांचं बद्धकोष्ठ आणि कुंथणं. पन्नाशीपुढच्या बायकांत हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त.

निफाडकर, तुमच्या आजीचं निरीक्षण अचूक होतं. लहान मुलांत खोकला, जुलाब, जंत, कुपोषण, कडक शौच अशी कारणं असतात. मूळ कारण गेलं की बहुतेक मुलांचं शस्त्रक्रियेविना बरं होतं. मोठ्यांचं तसं होत नाही. आधी शौचाच्या वेळी बाहेर येतं आणि आपोआप आत जातं, मग हाताने सारावं लागतं, पुढे खोकलं किंवा नुसतं उभं राहिलं तरी येतं.

पत्रकात मूळव्याधीशी फरक जरूर द्या. कोंबांच्या मधल्या खाचा चाकाच्या आऱ्यांसारख्या मधून बाहेर जातात. पूर्ण गुदभ्रंशात वळ्या गोल, एकात एक, विहिरीच्या कड्यांसारख्या दिसतात. आणि ठळक अक्षरात लिहा: बाहेर आलेला भाग आत जात नसेल, काळानिळा पडत असेल, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना.

भगूरवाला
गुदभ्रंशच लिहावं. माझं गाव भगूर, सावरकरांचं, त्यामुळे भाषाशुद्धीचा आग्रह मला घरातूनच मिळाला आहे. दिनांक, महापौर, दिग्दर्शक हे शब्दही लोकांना आधी जड वाटले होते. आज भाजीवाल्याच्या तोंडी आहेत. शब्द वापरला नाही तर रुळणार कसा? 'प्रोलॅप्स' मात्र नको.

निफाडकर
महापौर निवडून येतो, पेपरात रोज छापला जातो. गुदभ्रंश माणूस आयुष्यात एकदाच ऐकतो, तोही घाबरलेला असताना. रुळायला वेळ कुठे आहे त्याला?

शब्दवेडी
मला 'भ्रंश' खटकतो. भ्रंश् म्हणजे घसरणं, ढळणं. पण मराठी कानाला त्यातून भ्रष्ट ऐकू येतं. बुद्धिभ्रंश, स्मृतिभ्रंश, योगभ्रष्ट. या आजारात आधीच माणूस लाजेने अर्धा झालेला असतो, त्यात शब्दानेही त्याला पतित का ठरवावं? लॅटिनमधल्या मूळ क्रियापदाचा अर्थही पुढे घसरणं एवढाच आहे. मग 'गुदाशय घसरणे' का नको? मणका सरकला, गादी सरकली असं आपण म्हणतोच.

भगूरवाला
अपभ्रंश हाही भ्रंशच. आपली मराठी महाराष्ट्री प्राकृताकडून अपभ्रंशातून आली असं शिकवतात, त्यात कुणाला पतित वाटत नाही. दोष शब्दाला चिकटवलेल्या लाजेचा आहे, शब्दाचा नाही.

शब्दवेडी
'अपभ्रंश' हे नाव संस्कृतवाल्यांनी दूषण म्हणूनच दिलं होतं! तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

वैद्य_पंचवटी
शब्द भाषाशुद्धीवाल्यांनी घडवलेला नाही, फार जुना आहे. सुश्रुताने गुदभ्रंश क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ रोगांत, सांगितला आहे. कारणं दोन: प्रवाहण म्हणजे कुंथणं, आणि अतिसार. तोही रूक्ष, दुर्बळ देहाच्या माणसाला. उपाय वाचून निफाडकरांना आजी आठवेल: शेक द्यावा, स्नेह म्हणजे तेल-तूप लावावं, आत सारावं, आणि मधे छिद्र ठेवलेल्या चामड्याचा गोफणाबंध बांधावा. गोफणाबंध म्हणजे आपल्या गोफणीच्या आकाराची पट्टी. मधला रुंद भाग जागेवर, दोन्ही टोकं वर घेऊन बांधायची. छिद्र वायू जाण्यासाठी.

निफाडकर
गोफण! आमच्या बाजरीच्या माळ्यावर अजून टांगलेली आहे. दगड धरायचा मधला खोलगट पट्टा बघितला की बंध कसा असेल ते लगेच कळतं. हा शब्द पत्रकात यायला हवा.

सर्जन_कॉलेजरोड
बाहेरून आधार देण्याची कल्पना आमच्याकडेही होती. थिर्श या जर्मन सर्जनने १८९१ मध्ये गुदद्वाराभोवती चांदीची तार घातली होती. पण आज कुणी गोफण बांधून घरी बसू नये एवढंच सांगतो. कृपया पत्रकात आणू नका.

वैद्य_पंचवटी
मी बांधा म्हटलं नाही, डॉक्टर. शब्दाचं मूळ सांगत होतो. मोठ्यांच्या पूर्ण भ्रंशाला मीही शस्त्रक्रियेलाच पाठवतो.

गोदाकाठची
शस्त्रक्रियेच्या परिच्छेदात तर मी पुरती अडकले आहे. रेक्टोपेक्सीला, म्हणजे गुदाशय जागेवर पक्का करण्याच्या शस्त्रक्रियेला, 'गुदाशयबंधन' लिहिलं. मावशीला वाचून दाखवलं तर तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "वाट बांधून टाकतात का गं?"

सर्जन_कॉलेजरोड
बंधन नको. पोटातून, हल्ली बहुधा दुर्बिणीने, गुदाशय वर ओढून घेतात आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला टाक्यांनी किंवा जाळीने पक्का करतात. 'जाळी' शब्द हर्नियामुळे सगळ्यांना माहीत आहे. दुसरा मार्ग खालून. डेलॉर्म या फ्रेंच लष्करी सर्जनची १९०० सालची पद्धत: बाहेर आलेल्या भागाचं अस्तर सोलून काढायचं आणि उरलेल्या स्नायूला चुण्या घालून शिवायचं. आल्टमायर पद्धतीत बाहेर आलेलं आतडंच कापून टोकं जोडतात. खालची शस्त्रक्रिया पाठीत भूल देऊन होते, थकलेल्या वृद्धांना झेपते, पण पुन्हा बाहेर येण्याची शक्यता पोटातल्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त. हे रुग्णाला आधी सांगायलाच हवं.

शब्दवेडी
'चुण्या' फार छान! साडी नेसणाऱ्या प्रत्येकीला कळेल. मग रेक्टोपेक्सीला 'गुदाशय टाचणे' म्हणा. ग्रीक पेक्सिस म्हणजे घट्ट बसवणंच.

सातपूर_कॉलनी
टाचणं म्हणजे कच्ची शिलाई. माझे वडील शिंपीकाम करायचे. गिऱ्हाईक अंगावर घालून बघून गेलं की टाचण उसवायची आणि मग पक्की शिवण. ऑपरेशनला टाचणं म्हटलं तर पेशंट विचारेल, पक्कं कधी करणार?

भगूरवाला
स्थिरीकरण. गुदाशय-स्थिरीकरण.

निफाडकर
'आतडं वर घेऊन हाडाला पक्कं करणे.' सहा शब्द, एकही कोशात शोधावा लागत नाही.

वॉर्डसिस्टर
सगळे वाचले, पण तुम्ही मथळ्यावर आणि ऑपरेशनच्या नावावर भांडताय. आमची अडचण रोजच्या सूचनांत आहे. ऑपरेशननंतर आम्ही सांगतो, जोर करू नका. आता बाळंतपणाच्या खोलीत हीच बाई 'जोर कर, जोर कर' ऐकून आलेली असते. त्यामुळे ती समजते की जोर म्हणजे बाळासाठी लावतात तो. संडासला बसल्यावर ती 'जोर' करतच नाही, ती कुंथते! मी आता 'कुंथू नका' असंच सांगते. एक नवीन डॉक्टर म्हणाले, सिस्टर, हा शब्द बरा दिसत नाही, 'ताण देऊ नका' म्हणा. ताण दिला तर आजींना वाटतं घरच्या काळज्या करू नका म्हणताय.

शब्दवेडी
कुंथणे हा अस्सल शब्द आहे, त्यात वावगं काय? तो कुठून आला असेल? संस्कृतात कुन्थ् धातू आहे, क्लेश होणं अशा अर्थाचा.

भगूरवाला
बोलायला ठीक. छापताना 'शौचाच्या वेळी जोर देणे'.

वॉर्डसिस्टर
पुन्हा जोर आलाच ना सर.

गोदाकाठची
सिस्टर, तुम्ही तपासणीच्या वेळी नेमकं काय विचारता? मावशीला कुणी एक नीट प्रश्न विचारला असता तर दीड वर्ष वाचलं असतं.

वॉर्डसिस्टर
आधी विचारायचे, लघवीच्या जागेतून येतं की संडासच्या? त्यात मधली जागा सुटायची, बायका गोंधळून काहीतरी एक सांगायच्या. मागच्या आठवड्यात सुरगाण्याकडच्या एका आजींनीच मला शिकवलं. मी विचारलं, अंग कुठून येतं आजी? त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि म्हणाल्या, "पोर येतं तिथून न्हाय बाई. त्याच्या मागून." आता मी हेच विचारते: पोर येतं तिथून, की त्याच्या मागून?

भगूरवाला
'मागून' म्हणजे 'नंतर' असाही अर्थ होतो. छापलेल्या पत्रकात 'मागच्या द्वारातून' हवं.

निफाडकर
बाळ जन्मल्यानंतर असा अर्थ निघेल म्हणता? माझ्या आजीने तसा घेतला नसता.