मदत हवी आहे : माजी सैनिकांच्या उपासनेसाठी शास्त्रपाठ

जालना परिसरातील आमच्या ख्रिस्ती मंडळीने 14 जानेवारीला, म्हणजे फील्ड मार्शल करिअप्पा 1953 साली निवृत्त झाले त्या दिवसाच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या माजी सैनिक दिनी, उपकारस्तुतीची उपासना ठेवली आहे. (संक्रांतीच्या सुमारास असल्याने तिळगूळ ओघाने आलाच.) बायबलमधील योहान 15:13 हे वचन सर्वांनाच सुचते, परंतु ते प्राण देणाऱ्यांविषयी आहे आणि पदके लावून पुढच्या बाकावर बसणारे आमचे सुभेदार काका सुखरूप परतलेले आहेत. स्तोत्र 91 घ्यावे, तर शेजारी हजार पडले तरी तुला काही होणार नाही, या अर्थाचे सातवे वचन, ज्यांचा मुलगा सीमेवरून परतलाच नाही त्या मावशींसमोर कसे वाचावे? परमेश्वर आपल्या बाजूने नसता तर आपण वाचलो नसतो, या अर्थाचे स्तोत्र 124 योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया सुचवावे.