मंडळाच्या हळदीकुंकवाला यंदा वाण काय द्यावं?

तिळाचीवडी: आमच्या गावच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू रथसप्तमीच्या आत उरकायचंय, साधारण ६० जणी येतील, वर्गणी ५० रुपये. दरवर्षी तेच प्लास्टिकचे डबे, घरात नुसता ढीग झालाय. वाण काय द्यावं, आणि उखाणे सोडून अजून काय ठेवता येईल?

कऱ्हाडची_सून: आम्ही भेंडी, गवार, दोडक्याच्या बियांच्या पुड्या दिल्या होत्या, स्वस्तात झालं आणि नंतर उन्हाळाभर कुणाचा वेल किती चढला हेच बघत फिरत होत्या सगळ्या 😄 बोरन्हाण पण त्याच दिवशी घ्या, चुरमुरे, बोरं, हलवा, उसाचे करवे, पोरं जमली की आयांना बोलवायला लागत नाही. हलव्याचे दागिने विकत नका आणू, सुईदोरा घेऊन दोन दुपारी बसलात की होतात.

पाटावरची_रांगोळी: वाणाचं नंतर बघा, विधवा बायकांना बोलावताय का ते आधी सांगा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, मग सरकारनेही परिपत्रक काढलं, तरी आपल्याकडे अजून त्या दारातूनच तिळगूळ घेऊन जातात.

तिळाचीवडी: खरंय, माझी जाऊच आहे तशी, चार वर्षं येत नाही. नुसता मेसेज टाकून नाही यायची ती, उद्या अध्यक्षबाईंना घेऊन घरीच जाते.

कऱ्हाडची_सून: जा नक्की. आणि कुंकू लावू का असं चारचौघींत विचारू नका हं, सरळ लावा.

पाटावरची_रांगोळी: नाही हो, आधी घरी एकटीला विचारा, काहींना नको असतं.